तीन सारखे वाटे

सिस्टरने विचारलं, "दुपारी काय खायची?" आणि पळीबाईला उत्तर आलं नाही.

तसं पाहिलं तर प्रश्न साधाच होता. त्याआधीच्या पाचसहा प्रश्नांची उत्तरं तिने चटाचट दिली होती. मुलीचं वय, सोळा पूर्ण. कितवा महिना, आठवा नुकता लागला होता. आधी कुठल्या दवाखान्यात नाव घातलं होतं का, नाही. सकाळी काय खायची, चहा आणि पाव. रात्री, डाळभात, भाजी असली तर भाजी. सिस्टर मान खाली घालून भराभर लिहीत होती. "आणि दुपारी?" तिने विचारलं. "जेवायची की," पळीबाई म्हणाली. "हो, पण काय?" असं म्हणून सिस्टरने पहिल्यांदा वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, चौकशीची हौसही नव्हती, तिला फक्त रकाना भरायचा होता. आत काचेच्या पेटीत ठेवलेल्या तिच्या दोन दिवसांच्या बाळाचं वजन एक किलो तीनशेच का भरलं, याचं काहीतरी कारण कागदावर हवं होतं. सिस्टरने जरा वाट पाहिली, रकान्यात एक आडवी रेघ ओढली आणि पान उलटलं.

गंमत म्हणायची तर अशी की, दुपारी कोण काय खातं हे त्या शहरात पळीबाईइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल. एका मोठ्या कचेरीच्या तळमजल्यावरच्या कँटीनमध्ये ती अकरा वर्षं वाढायचं काम करत होती. साडेबारा ते दोन, तीनशे दहा माणसं, आणि डाळीची पळी तिच्या हातात. दुसऱ्या मजल्यावरचे मोठे साहेब कांदा वेचून ताटाच्या कडेला ठेवतात, टायपिस्ट बाई सोमवारी भात सोडते आणि गुरुवारी दुप्पट खाते, मिशाळ ड्रायव्हर डाळ आधी पिऊन टाकतो आणि मग भात कोरडा लागतो म्हणून कुरकुरतो, हे सगळं तिला पाठ. अकरा वर्षांत तिच्या पळीचं माप कधी हललं नव्हतं. डाळ खाली बसते, म्हणून दर तिसऱ्या ताटाला पातेलं तळापासून ढवळायचं. पळी वर आली की पातेल्याच्या काठाला एकदा टेकवायची, गळायचं ते गळू द्यायचं, मग ताटात. पहिल्याला नुसतं पाणी नाही आणि शेवटच्याला नुसता गाळ नाही. लोक लाडीगोडी लावायचे, "बाई, आज हात जरा सैल सोडा की," आणि ती म्हणायची, "सोडते, पण मग रांगेत सगळ्यात मागे तुम्ही उभं राहायचं." लोक हसायचे. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी ऐकू यायचं तेवढंच, एरवी वरपासून खालपर्यंत सगळे तिला पळीबाई म्हणत, आणि तिला ते आवडे. आयुष्यात तिला काही फार दिलं गेलं नव्हतं. नवरा दुसऱ्या शहरात कामाला गेला आणि तिकडचाच झाला. पण आपण कुणाच्या ताटात कमीजास्त केलं नाही, हे तिला ताठ मानेने सांगता येत होतं, आणि ती ते सांगायचीही, अगदी न विचारता.

घरी ताटं तीनच. तिचं, थोरलीचं आणि धाकटीचं. धाकटी नऊ वर्षांची, म्हणून तिला कमी, असंही नाही. पगार संपत आला की पातेल्यात कमी असायचं, पण असेल त्याचे वाटे तीन आणि तिन्ही सारखे. धाकटी कधीकधी डोळे बारीक करून तिन्ही ताटांकडे बघायची, खोडी काढायला काही सापडतं का म्हणून, आणि तिला काही सापडायचं नाही. थोरली हसायची. "आईच्या हातात काटा बसवलाय," ती म्हणायची. हे पूर्वीचं, ती हसत होती तेव्हाचं.

दवाखान्याच्या बाकावर बसून पळीबाई आठवायला लागली. दुपारी काय खायची? आठवणार कुठून, ती घरी कुठे होती. साडेसातला ती बस पकडायची आणि परतायला संध्याकाळ व्हायची. धाकटी शाळेत, आणि शाळेत दुपारचं जेवण मिळतं. थोरलीलाही मिळत होतं. तिची मोठ्या मुलींची शाळा, तिथे तर चांगलं मिळायचं, आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडंही. म्हणजे दुपारी तिघींचीही सोय परस्पर होत होती, आणि सगळं घर त्यावर बेतलेलं होतं. सकाळी चहापाव, दुपार बाहेर, रात्री तीन सारखे वाटे. इथपर्यंत विचार आला आणि पळीबाई थांबली. बाकावर शेजारी बसलेली म्हातारी तिला काहीतरी विचारत होती, ते तिला ऐकू आलं नाही. थोरली साडेतीन महिने शाळेत कुठे जात होती?

तिला तो दिवस लख्ख आठवला. चौथा महिना सरत आला तेव्हा तिला कळलं होतं, तेही थोरलीने सांगितलं म्हणून नव्हे, कपडे धुताना आपणच दिवस मोजले म्हणून. त्या संध्याकाळी तिने पोरीला मारलं होतं. पोराचं नाव थोरलीने शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि सांगून काही होणार नाही हे दोघींनाही माहीत होतं. पळीबाईच्या डोळ्यांपुढे फक्त जिन्यातली माणसं होती. वरच्या मजल्यावरची शिंपीण काय म्हणेल, पाण्याच्या नळावर काय बोलतील. पोट दिसायला लागायच्या आत पोरगी शाळेतून काढायची, एवढं एकच तिच्या डोक्यात बसलं. अर्धा दिवस रजा टाकून ती शाळेत गेली. अर्जात कारण लिहिलं, घरगुती. शाळेतला कारकून बरा माणूस होता, त्याने फार विचारलं नाही. "जेवणाचं कार्ड तेवढं जमा करा," तो म्हणाला, आणि तिने पिशवीतून ते कार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलं. निळं, कोपऱ्यावर चुरगळलेलं, वर तेलाचा एक डाग. स्वतःच्या हाताने ठेवलं. त्याने ते खणात टाकलं. इज्जत वाचली असं वाटून तिला हायसं वाटलं होतं, आणि परतताना बसमध्ये खिडकीजवळची जागाही मिळाली होती.

त्यानंतर थोरली घरात. "दार लावून बस, हाक आली तरी उघडू नकोस," एवढं सांगून पळीबाई निघायची. दुपारी काय खाशील, असं ती एकदाही म्हणाली नव्हती. म्हणाली नव्हती हे नक्की, कारण तसं म्हटलं असतं तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उत्तर घरात नव्हतं. पण हेही तिला आता सुचत होतं. तेव्हा तिने टाळलं नव्हतं. तेव्हा तो प्रश्न तिच्या मनाला शिवलाच नव्हता. तीनशे दहा माणसांच्या दुपारी तिला पाठ होत्या, आणि तिच्या घरात, बंद दाराआड, साडेतीन महिने रोज एक दुपार होत होती, तिचा तिला पत्ता नव्हता. कुणी म्हणालं असतं की तू मुद्दाम केलंस, तर तिला बरं वाटलं असतं. मुद्दाम करणाऱ्याला निदान राग तरी असतो. तिचं नुसतं लक्ष नव्हतं.

आणि दिसलं नव्हतं असं थोडंच होतं? साखरेचा डबा भराभर खाली जात होता. तिने धाकटीला धरलं, धाकटीने देवाची शपथ घेतली, तरी तिने तिला एक धपाटा घातला. थोरली भिंतीला टेकून बसली होती, तिने मान खाली घातली. मग एकदा रविवारी उशी झटकताना मूठभर तांदूळ जमिनीवर सांडले. कच्चे. "हे काय गं?" "चघळते," थोरली म्हणाली. "बरं वाटतं." पळीबाईला राग आला. या दिवसांत पोरींना नाही नाही ते खावंसं वाटतं, कुणी माती खातं, कुणी पाटीवरची पेन्सिल, हे तिने ऐकलं होतं, आणि तेच डोहाळे म्हणून तिने ते सोडून दिलं. तांदूळ मात्र वेचून, धुऊन परत पातेल्यात टाकले. आणि पोट. पोट दिसत नव्हतं. सातव्यात सुद्धा सैल झगा घातला की कळायचं नाही. शिंपीण एकदा दारात येऊन बोलून गेली आणि तिला संशय सुद्धा आला नाही. त्या रात्री पळीबाई खुशीत होती. "नशीब आपलं," ती थोरलीला म्हणाली होती, "तुझं पोट लहान आहे." हे शब्द आता तिला बाकावर बसल्याबसल्या ऐकू आले, आणि तिने पदराचा बोळा करून तोंडावर दाबला. शेजारची म्हातारी म्हणाली, "रडून घ्या, बाई. होईल सगळं ठीक." कुठे काय ठीक होणार होतं, पण म्हातारी मायेने बोलली होती.

काचेतून तिने नातीला पाहिलं. नात म्हणायला अजून तिची जीभ तयार नव्हती. तळहाताएवढी छाती, आणि ती इतकी भराभर वरखाली होत होती की बघणाऱ्यालाच धाप लागावी. पायाला चिकटपट्टी, नाकात नळी. कातडी सैल होती, कुणा मोठ्याचा कपडा घालावा तशी. डॉक्टर म्हणाले होते, आईचं दूध थेंब थेंब मिळालं तर बरं. थोरलीला दूध येत नव्हतं. सिस्टर दोन दोन तासांनी येऊन तिची छाती दाबून बघायची, वाटी कोरडी परत न्यायची. "येईल," ती म्हणायची, "तिसऱ्या दिवशी येतं कधीकधी. पण पोटात काही हवं ना हिच्या." दवाखान्यात दोन वेळा ताट येत होतं आणि थोरली ते जेवत होती, कुणी बघत नाही असं बघून, भिंतीकडे तोंड करून. पळीबाईला तिच्याशी बोलायचं होतं. ती तिच्या केसांतली गाठ सोडवत बसली. "धाकटीला कुठे ठेवलंस?" थोरलीने विचारलं. "शिंपिणीकडे." "तिला कळलं?" "कळू दे," पळीबाई म्हणाली, आणि हे इतक्या सहज तोंडातून गेलं की, ज्यासाठी पोरगी चार भिंतींत कोंडली ते असं दोन शब्दांत संपतं, याचं तिला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिला कामावर जावं लागलं. रजा उरली नव्हती. साडेबाराला रांग लागली, पातेल्यावरचं झाकण निघालं, वाफ तोंडावर आली, आणि पहिल्या ताटावर पळी धरली तोच तिच्या लक्षात आलं की हात ऐकत नाही. पळी काठाला टेकवायची राहून जात होती. समोरचा माणूस म्हणजे मोठे साहेब, त्यांच्यामागे टायपिस्ट बाई, सगळे सकाळी काही ना काही खाऊन आलेले, संध्याकाळी घरी जाऊन खाणारे. हे तिला माहीत होतं, अकरा वर्षं माहीत होतं, आणि तरी ती सगळ्यांना सारखं वाढत आली होती, कारण रांगेत उभा राहिलेला माणूस तिला तेवढाच दिसायचा. ताटाएवढा. त्याची सकाळ, त्याची रात्र तिच्या पळीत कधी आलीच नव्हती. मधेच एक कोवळी पोरगी ताट पुढे करून उभी राहिली, नवीन लागलेली झाडूवाली असावी, मनगटं काडीसारखी. पळीबाईने तिला तीन पळ्या वाढल्या. पोरगी घाबरली, आपली काही चूक झाली असं वाटून मागे बघायला लागली. "खा," पळीबाई म्हणाली. पावणेदोनला पातेलं संपलं आणि रांगेत चौदा माणसं उभी होती. असं कधी झालं नव्हतं. मिशाळ ड्रायव्हर म्हणाला, "पळीबाई, आज हात सैल सुटला वाटतं." कुणी हसलं नाही, तिचा चेहरा बघून.

दोननंतर कामगारांचं जेवण. उलट्या केलेल्या खोक्यांवर बसून सगळे जेवत. तिथे मापबिप नव्हतं, आचारी हाताला येईल तसं वाढायचा, आणि पळीबाई पोटभर जेवायची. दोनदा भात घ्यायची. अकरा वर्षं ती या खोक्यावर बसून जेवली होती, आणि तिथून संध्याकाळी घरी जाऊन तीन वाटे करून त्यातला एक पुन्हा स्वतः घेतला होता. हे तिला खोक्यावर बसल्यावर सुचलं. एखादी गोष्ट रोज समोर असावी आणि अचानक कुणी तिच्याकडे बोट दाखवावं तसं. आचाऱ्याने ताट पुढे केलं. तिने ते घेतलं, आणि त्यातला घास तोंडात घालायला हात वर गेला तो तिथेच थांबला. दुपारी मी जेवायचे. रात्री परत जेवायचे. तिघींत एक वाटा माझा. तो माझा कसा? ताट सारखं होतं, पोट कुठे सारखं होतं. एक भरलेलं, एक रिकामं, आणि त्या रिकाम्यात आणखी एक. "काय झालं?" आचारी म्हणाला. "घास लागला का?" "डबा आहे का तुझ्याकडे एखादा?" तिने विचारलं. अन्न बाहेर न्यायचं नाही असा नियम होता. उरलेलं पिंपात जायचं, आणि जाताना दारावर पिशव्या बघायचे. आचाऱ्याने स्वतःचा डबा धुऊन दिला. तिने आपल्या ताटातला भात, भाजी, डाळ सगळं त्यात भरलं, वरून एक पाव दाबला. पिशवी पदराआड धरून ती दारावर पोचली. पहारेकरी खुर्चीत बसून पेपर वाचत होता. बाकी सगळ्यांच्या पिशव्या त्याने उघडायला लावल्या. तिला म्हणाला, "तुम्ही जा हो, तुमची काय बघायची," आणि पान उलटलं. त्याने तिची पिशवी आजवर एकदाही उघडली नव्हती. हे तिला माहीत होतं. रोज माहीत होतं. रस्ता ओलांडताना एका गाडीवाल्याने तिला शिवी दिली.

बसमध्ये तिने फोन बघितला. कामावर फोन कपाटात ठेवावे लागत. दवाखान्याचा नंबर तीन वेळा येऊन गेला होता, पहिला अकराला. तिने परत केला नाही. कागदावर सही राहिली असेल, तिने स्वतःला सांगितलं, औषध आणायचं असेल. डबा मांडीवर गरम लागत होता. तिने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला, आणि बस सिग्नलला थांबली की तिला वाटायचं, थांबू दे, अशीच थांबू दे. तोवर तरी मला काही कळलेलं नाही.

पेटीच्या खोलीत ती गेलीच नाही, सरळ थोरलीच्या खाटेकडे गेली. थोरली उठून बसली होती. केस तिने स्वतःच विंचरले होते, घट्ट, शाळेत जाताना विंचरायची तसे. "आई," ती म्हणाली, "ती गेली." अकराच्या आधीच. श्वास मधेमधे थांबत होता, तसा एकदा थांबला आणि पुन्हा सुरू झाला नाही. सिस्टरने बाळाला पाच मिनिटं थोरलीच्या मांडीवर दिलं होतं. "हलकी होती," थोरली म्हणाली. एवढंच. ती रडत नव्हती. पळीबाईने तिला जवळ घेतलं आणि स्वतःच्या छातीला काहीतरी ओलं लागलं. ती मागे सरली. थोरलीच्या झग्यावर दोन्हीकडे मोठे ओले डाग पडले होते आणि पसरत होते. "सकाळपासून येतंय," थोरली म्हणाली. "दहाला सिस्टरने वाटी भरून नेली. दोन थेंब घेतले म्हणे तिने." मग ती स्वतःच्या झग्याकडे बघत बसली. दुःख म्हणतात ते पळीबाईला आजवर माहीत होतं असं वाटत होतं. आईबाप गेले, नवरा गेला. ते सगळं बाहेरून आलं होतं. हे तिने घरात, स्वतःच्या हाताने, रोज संध्याकाळी थोडं थोडं वाढलं होतं.

ती खाटेच्या कडेवर बसली. डबा मांडीवर होता. "पोरी," ती म्हणाली, "मी तिकडे दुपारी जेवायचे."

"माहितीय."

"पोटभर जेवायचे. आणि घरी येऊन परत तुमच्याबरोबर बसायचे."

"माहितीय गं. रात्री तू सावकाश जेवायचीस. बोलत बोलत. भूक लागलेलं माणूस तसं नाही जेवत." थोरलीच्या आवाजात तक्रार नव्हती. ती नुसतं सांगत होती.

"मग बोलली का नाहीस?" पळीबाईचा आवाज चिरकला. "एकदा म्हणायचंस. एकदा तरी म्हणायचंस, आई, तुझ्यातलं दे."

थोरलीने विचार केला. खरंच विचार केला, शाळेत कुणी प्रश्न विचारल्यासारखा. "तू सारखं वाढायचीस," ती म्हणाली. "सगळ्यांना सारखं. मग त्यात काय बोलायचं?"

पळीबाईला वाटलं, हिने मला मारावं. हिने ओरडावं, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं. थोरली काहीच करत नव्हती. बाहेर कुणाची तरी ढकलगाडी खडखडत गेली. मग थोरलीने नाक वर करून वास घेतला, आणि तिचा चेहरा एकदम लहान झाला, धाकटीएवढा. "त्यात काय आहे?" तिने विचारलं. "भात," पळीबाई म्हणाली. "डाळ. भाजी. पाव." "मला भूक लागलीय," थोरली म्हणाली, आणि मग जणू आपण काहीतरी वाईट बोललो असं वाटून ती रडायला लागली. "आई, मला खूप भूक लागलीय. ती गेली आणि मला भूक लागलीय."

पळीबाईने डबा उघडून तिच्या हातात दिला. चमचा नव्हता. थोरली हाताने जेवायला लागली, आधी रडत, मग न रडता, मोठे मोठे घास, भात आणि डाळ एकत्र कालवून, पाव मधेच तोडून. दूध झग्यातून गळत होतं आणि ती जेवत होती. तिने एकदाही विचारलं नाही, तू घेतेस का. पळीबाईच्या पोटात सकाळच्या चहाखेरीज काही नव्हतं, तिला वास येत होता, आणि पोरीने विचारलं नाही याचं तिला इतकं बरं वाटलं की तिचे डोळे वाहायला लागले. ती पुसायचं सुद्धा विसरली. दारात सिस्टर येऊन उभी राहिली. तिच्या हातात कागद होता, सही करून बाळाला घेऊन जायचा. तिच्या मागे एक माणूस पांढऱ्या कापडातलं लहानसं गाठोडं घेऊन उभा होता. सिस्टर आत यायला लागली तशी पळीबाईने हात वर केला.

"जरा थांबा," ती म्हणाली. "ती जेवतेय."